पवनी दाखवायला माणूस हवा, कोसा घ्यायला आपली नजर

अड्याळला मुंबई-पुण्याकडचे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर प्रश्न येतोच, "इथे आसपास बघण्यासारखं काय आहे?" यजमान मारुतीच्या देवळाचं नाव घेतो, मग गोसीखुर्द धरणाचं, आणि तिथे थांबतो. वास्तविक अड्याळ भंडारा-पवनी रस्त्यावर जवळजवळ मधोमध आहे. दोन्हीकडे 20-25 किलोमीटर. एका टोकाला पवनी, दोन हजारांहून जास्त वर्षं सलग नांदतं असलेलं गाव. दुसऱ्या टोकाला भंडारा, ज्याचं नाव पितळेच्या भांड्यांवर झालं. विदर्भाच्या अष्टविनायकांतले दोन याच रस्त्याच्या दोन टोकांना आहेत, पवनीचा पंचमुखी आणि भंडाऱ्याला मेंढ्याचा भृशुंड. जयपूर-आग्र्याला लोक गाडी आणि गाइड घेऊन दिवसभराची खासगी सहल करतात, दुपारी खरेदी करतात, तशीच सहल इथेही होते. तिथे ती तयार मिळते, इथे जुळवावी लागते. ही जुळवाजुळव कशी करायची, एवढाच या लेखाचा विषय.

आधी नावांचा घोळ मिटवू. फोनच्या नकाशात नुसतं 'अड्याळ' टाकलं तर चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीकडची अड्याळ टेकडी समोर येऊ शकते. ती वेगळी. पवनी तर आणखी आहेत. एक रामटेक तालुक्यात, जबलपूरच्या रस्त्यावर. देहूजवळचा भंडारा डोंगर शोधणारे इथे येत नसतील, पण गाडीवाल्याला फोनवर सांगताना 'पवनी, जिल्हा भंडारा' असं पूर्ण सांगा. गाडी नागपूरहून येणार असेल तर तिला उमरेड-भिवापूरवरून थेट पवनी गाठता येते, अंतर 80 किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने येणाऱ्यांनी भंडारा रोड स्टेशनवर उतरावं. ते शहरात नाही, वरठीला आहे, म्हणून पुढच्या गाडीची सोय आधी करून ठेवा.

दिवस निवडताना ऊन बघा. मार्च उलटला की दुपारी पवनीच्या टेकड्यांवर उभं राहणं नको वाटतं, मे महिन्यात तर विचारच नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. धान घरात आलेलं असतं, तळ्यांतले शिंगाडे रस्त्याच्या कडेला विकायला बसतात, आणि रात्री जवळपासच्या एखाद्या गावात झाडीपट्टीचं नाटक लागलेलं असण्याची शक्यता असते. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि नाटक हे इकडचं हिवाळ्यातलं जोडकाम. नाटकाचा मंडप मिळाला तर पाहुण्यांना तिथे घेऊन जा, दिवसभराची कुठलीही जागा त्याच्या तोडीची ठरणार नाही. पावसाळ्यात यायचं असेल तर ते गोसीखुर्दसाठी या. धरणाला 33 दरवाजे आहेत आणि ते उघडले की वैनगंगा वेगळीच दिसते. एरवी धरणाला अर्धा तास पुरे. राजीव गांधींनी 22 एप्रिल 1988 रोजी त्याचं भूमिपूजन केलं. पुढची कालव्यांची आणि पुनर्वसनाची कहाणी गावातल्या कोणालाही विचारा, गाइडची गरज पडणार नाही.

गाइड लागतो तो पवनीत. ताजमहालाला गाइड नसला तरी ताजमहाल दिसतो. पवनीचं तसं नाही. जगन्नाथ टेकडीवर तुम्ही गेलात तर तुम्हाला टेकडी दिसेल, वर जगन्नाथाचं देऊळ दिसेल, खाली गाव दिसेल. सांचीसारखं तोरण नाही, कठडा नाही. पण 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं, शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांच्या नेतृत्वाखाली, तेव्हा या टेकडीच्या पोटात विटांचा प्रचंड स्तूप निघाला. दुसरा चांडकापूरला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साधारण 36 मीटर आहे. हे दोन्ही त्याहून मोठे. कोरीव खांब निघाले, त्यातल्या एका शिल्पात रिकाम्या आसनावर फणा धरलेला पाच फण्यांचा नाग आहे आणि खाली ब्राह्मी अक्षरांत त्याचं नाव आहे, मुचलिंद. बुद्धाला माणसाच्या रूपात न दाखवण्याच्या काळातलं हे शिल्प. त्या आसनावर कोण बसलंय ते सांगायला माणूस नसेल तर टेकडीवर फक्त वारा खाऊन परत यायची वेळ येते.

असा माणूस मिळवायचा कुठून? पवनीत बिल्ला लावून स्टेशनवर उभे राहणारे गाइड नाहीत. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने 'अतुल्य भारत टुरिस्ट फॅसिलिटेटर' नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलंय, त्यातून प्रमाणपत्र घेतलेला कोणी जिल्ह्यात मिळाला तर चांगलंच. नाही तर तीन दरवाजे ठोठावा. पहिला, पवनीच्या शाळा-महाविद्यालयांतले इतिहासाचे शिक्षक, त्यातही निवृत्त झालेले. दुसरा, नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग. उत्खननात त्यांचाच हात होता आणि तिथले संशोधक विद्यार्थी एखाद्या रविवारी खुशीने येतात. तिसरा, गावातलं वाचनालय. आणि या सगळ्यांआधी तुमचे यजमान. अड्याळचा माणूस पवनीत कोणाला तरी ओळखतोच. सोयरिकी याच रस्त्याने चालतात.

फोनवर दोन-तीन प्रश्न विचारून माणूस पारखता येतो. "जगन्नाथ टेकडीत काय सापडलं?" एवढं विचारा. जो स्तूप, विटा, खांब, सातवाहन अशी उत्तरं देतो तो कामाचा. जो "इथून थेट रामटेकला भुयार जातं" असं सुरू करतो, त्याची गोष्ट ऐका जरूर, पण दिवस त्याच्या हाती देऊ नका. भुयाराची गोष्ट नाही असं जुनं गाव महाराष्ट्रात कुठे आहे?

पैशांचं बोलणं आधी. इथेच आपल्याकडच्या लोकांचं सगळ्यात जास्त अडतं. शिक्षक माणूस "नाही जी, पैसे कशाला, आपलेच पाहुणे" म्हणतो, तुम्हीही संकोचाने विषय सोडता, आणि संध्याकाळी काय द्यायचं हे कोणालाच कळत नाही. रक्कम यजमानामार्फत आधी ठरवा. ती ड्रायव्हरला दिवसाला जे मिळतं त्याहून कमी नसावी. स्टेअरिंग फिरवणाऱ्याला पगार आणि दोन हजार वर्षं उलगडून सांगणाऱ्याला चहा, हा हिशेब बरा नाही. दिवसाच्या शेवटी पाकिटात घालून द्या. समोर मोजू नका, पण विसरूही नका. जेवण तुमच्यासोबतच. आणि त्यांना गुरुजी किंवा सर म्हणा, 'गाइड' म्हणून हाक मारू नका.

याच वेळी दुसरी गोष्ट स्पष्ट करा आणि ती हसत सांगितली तरी चालते: "गुरुजी, खरेदीचं आम्ही बघू." सबंध खासगी सहलीत एवढा एक नियम पाळला तरी निम्मे प्रश्न सुटतात. पवनी-भंडाऱ्यात कमिशनची साखळी मोठ्या पर्यटनस्थळांसारखी पसरलेली नाही, पण 'आपल्या भाचीच्या सासऱ्यांचं दुकान' असतंच, आणि तिथे नेलं की नाही म्हणणं अवघड होऊन बसतं.

गाडीबद्दल थोडक्यात. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीतला कोणी पांढऱ्या पाटीची घरची गाडी स्वस्तात देतो म्हणाला तर नको म्हणा. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणं नियमात बसत नाही आणि अपघात झालाच तर विम्याचा दावा तिथेच अडकतो. दर ठरवताना चार गोष्टी विचारून घ्या: दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, किलोमीटर गॅरेजपासून मोजणार की तुमच्या दारापासून, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा की धरून, रात्र उलटली तर काय. नागपूरहून बोलावलेली गाडी गॅरेजपासून मोजत असेल तर अड्याळला पोहोचेपर्यंतच तिचे बरेच किलोमीटर झालेले असतात. त्यापेक्षा भंडाऱ्याची किंवा पवनीचीच गाडी घ्या.

पवनीत पाऊल ठेवायचं ते सकाळी आठच्या आत. नदीवर जायचं असेल तर तीच वेळ. पवनीला लोक विदर्भाची काशी म्हणतात ते देवळांच्या आणि घाटांच्या संख्येमुळे. दिवाणघाट, वैजेश्वराचा घाट, मुरलीधर, नीलकंठ, दत्त, अशी नावं गुरुजी घेत राहतील. सगळी देवळं पाहायचा हट्ट धरू नका. वैजेश्वराच्या घाटावर पायऱ्यांवर निवांत बसा. समोर वैनगंगा, मागे गावाचा जुना भाग. या बाजूला नदीनेच गावाचं रक्षण केलं. उरलेल्या बाजूंना मातीचा तट आणि खंदक होता. पवनीचा किल्ला म्हणजे डोंगरावरचा किल्ला नव्हे. मातीचा प्राचीन तट, त्यावर नंतरच्या काळातलं दगडी बांधकाम, आणि आत नांदतं गाव. जवाहर गेटमधून आत जाताना गुरुजींना थांबवून विचारा की तटाचा मातीचा भाग कुठला आणि दगडाचा कुठला. हे एकदा नजरेत बसलं की मग दिवसभर तुम्हीच पाहुण्यांना दाखवत सुटता.

पंचमुखी गणेशाचं दर्शन या फेरीत सहज होतं. एकाच उभ्या पाषाणात पाच मुखं आहेत, म्हणून त्याला सर्वतोभद्र असंही म्हणतात. गणपतीची नेहमीची मूर्ती डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर आधी गोंधळाल. शेंदराखाली मुखं ओळखायला दोन मिनिटं द्यावी लागतात. पुजाऱ्यांना विचारा, ते बोट दाखवून सांगतात.

आता एक उलटा सल्ला. पवनीला जायच्या आधी, नागपूरला उतरलात तेव्हाच, अजबबंगला पाहून घ्या. म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, 1863 साली सुरू झालेलं. सोमवारी बंद असतं. पवनीला सापडलेला महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. क्षत्रप म्हणजे शकांची मंडळी, पश्चिमेकडची, आणि त्यांच्या राजपुत्राचा स्तंभ वैनगंगेच्या काठावर उभारलेला. हा माणूस इथवर कसा आला, यावर विद्वानांत चर्चा झालेली आहे. आधी स्तंभ पाहिलेला असला तर पवनीत गुरुजींशी बोलायला विषय मिळतो, आणि दगड पाहून गावात आलेला पाहुणा गावाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

पवनी आटोपून दुपारी कुठे जायचं, याचे तीन पर्याय आहेत. जवळच रुयाळ-सिंदपुरीला पञ्ञा मेत्ता संघाने उभारलेला महासमाधीभूमी महास्तूप आहे. जगन्नाथ टेकडीतला पुरलेला स्तूप सकाळी आणि हा उभा स्तूप दुपारी, असा जोड पाहुण्यांना फार आवडतो. फेब्रुवारीत तिथे धम्म महोत्सव असतो तेव्हा मात्र रस्ते भरून वाहतात. दुसरा पर्याय उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा. 'जय' वाघामुळे हे नाव देशभर झालं. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला तरी इथे वाघ आहेतच. इथली व्यवस्था पवनी गावाच्या उलट आहे. गाइड घ्यायचा की नाही हा प्रश्नच नाही, तो घ्यावाच लागतो, तो आसपासच्या गावचाच असतो आणि त्याचे पैसे ठरलेले असतात. नोंदणी वनविभागाच्या संकेतस्थळावरून आधी करा. पवनी गेटचं तिकीट आहे की कऱ्हांडला गेटचं ते नीट वाचा, कारण दोन्ही दरवाजे एकमेकांपासून दूर आहेत आणि जिप्सी तुमची वाट पाहत थांबत नाही. पावसाळ्यात जंगल बंद असतं. सफारी आणि पवनी एका दिवसात बसवू नका. पहाटेच्या सफारीनंतर टेकडीवर कोणी काही ऐकत नाही, सगळे पेंगतात.

तिसरा पर्याय आंभोऱ्याचा. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या नद्या इथे भेटतात. चैतन्येश्वराचं देऊळ आहे, आणि मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' इथे लिहिला असा आंभोऱ्याचा दावा आहे. आंबेजोगाईवाल्यांना तो मान्य नाही, हे पाहुणा मराठवाड्याचा असेल तर बोलण्यात येणारच, तयारीत राहा. आता तिथे केबलचा मोठा पूल झालाय, संध्याकाळी फोटो काढायला गर्दी असते.

खरेदी: आधी कोसा

कोशाच्या खरेदीसाठी वेगळा दिवस ठेवा. पवनीतही कोष्ट्यांची वस्ती जुनी आहे आणि पवनीच्या हातमागाचं एकेकाळी मोठं नाव होतं, पण करवतकाठी कोसा मागावर चाललेला पाहायचा तर भंडाऱ्याच्या पुढे मोहाडी-आंधळगावकडे जावं लागतं. पवनीपासून ते दुसऱ्या टोकाला आहे. सकाळी पवनी आणि दुपारी आंधळगाव असा बेत आखलात तर दोन्हीकडे फक्त चहा होईल. दुसऱ्या दिवशी अड्याळहून निघा, मेंढ्याला भृशुंड गणेशाचं दर्शन घ्या, मोहाडीत चौंडेश्वरी देवीचं, आणि मग मागांकडे.

कोसा म्हणजे टसर. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या अळीचे कोष. ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या जंगलात ही राखण करत आली. पाखरं, मुंग्या, वारा यांच्यापासून अळ्या सांभाळायच्या आणि कोष विणकरापर्यंत पोहोचवायचे. कोष्ट्याच्या घरात गेलात की आधी मागाकडे बघा, साडीकडे नंतर. साडीच्या अंगाला एक धोटा (आडवा धागा नेणारी नळी), दोन्ही काठांना एकेक. असे तीन धोटे चालतात आणि काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाच्या बाण्याला जिथे भेटतो तिथे दोघांना एकमेकांत अडकवतात. त्या अडकवण्यातून करवतीच्या दात्यांसारखी ओळ उमटते. करवत हे नाव तिथून आलं. दर ओळीला हात थांबतो, म्हणून साडीला वेळ लागतो, आणि म्हणून ती महाग असते. पाहुण्यांना हे पाच मिनिटं उभं राहून पाहू द्या. नंतर किमतीवरून घासाघीस करायची त्यांची इच्छा आपोआप कमी होते.

आता परीक्षा. साडी उलटी करा. अस्सल करवत दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. दाते उलट्या बाजूलाही तसेच धारदार, लोंबते धागे नाहीत. यंत्रमागावरच्या नकलेत पुढून दाते दिसतात आणि मागे काठाजवळ मोकळे, कापलेले किंवा लांबच लांब गेलेले धागे असतात. छापील असेल तर उलटी बाजू फिकी. दुसरी खूण रंगाची. रंगवलेला नसलेला कोसा पांढराशुभ्र नसतो, मधाकडे झुकणारा, गव्हाळ असतो, आणि उजेडात धरला की धागा कुठे जाड कुठे बारीक दिसतो. हा दोष नव्हे. अगदी सारखा, चकचकीत, पातळ 'कोसा' मिळाला की शंका घ्या.

तिसरी खूण आगीची. पदराच्या दशीतला एखादा सुटा धागा विणकराकडे मागा आणि त्याच्यासमोरच काडी लावा. रेशीम जळताना जळक्या केसांचा वास येतो, आणि काळी राख बोटात चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून घट्ट गोळी होते. कागद जळल्यासारखा वास आला तर रेयॉन. विणकर याला नाही म्हणत नाही. दुकानदार कपाळाला आठी घालतो, तेही एक उत्तरच. काही ठिकाणी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, बाहेरून आलेलं रेशीम सूत आणि बाण्याला इथला कोसा वापरतात. लपवलं नसेल आणि किंमत त्याप्रमाणे असेल तर त्यात गैर काही नाही. सरळ विचारा, "ताणा कशाचा, बाणा कशाचा?" हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक दिसलं की समोरचा माणूस आतल्या कपाटाकडे वळतो.

दुकानातून घेत असाल तर केंद्रीय रेशीम मंडळाचं सिल्क मार्क लेबल शोधा. 2004 पासूनचं हे लेबल रेशीम शुद्ध असल्याची खूण आहे. हातमागाची खूण वेगळी, 2006 पासूनची हँडलूम मार्क. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमालाही पहिलं लेबल लागू शकतं. विदर्भाच्या करवतकाठी साड्या आणि कापडाला भौगोलिक मानांकनही आहे, त्याबद्दल विचारायला लाजू नका. विणकराच्या घरी यांपैकी काही नसेल, पण माग समोर चाललेला असतो. तिथे कागदावर का होईना, किंमत आणि वर्णन लिहून सही घ्या. आणि मागावर बसलेल्याशी अर्धी किंमत सांगून सुरुवात करू नका. ते बाजारात शोभतं.

पितळ आणि बाकीचं

भंडाऱ्यात पितळेची खरेदी सोपी आहे, फक्त वजनाकडे लक्ष द्या. भाव किलोवर असतो आणि वर घडणावळ. दोन्ही वेगवेगळे विचारून घ्या. काटा तुमच्यासमोर शून्यावर आणायला लावा, झाकणासकट तोलतात की बिनझाकणाचं ते बघा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर वरून पितळेचा मुलामा आणि आत लोखंड. पितळ आणि कासं यांची गफलत करू नका: पितळ तांबं-जस्ताचं, कासं तांबं-कथलाचं आणि महाग. काशाच्या वाटीवर नखाने टिचकी मारली की नाद लांबत जातो. पाण्याचा गुंड किंवा परात घ्यायची असेल तर कल्हई करून द्यायला सांगा. चिंच-ताकाचं काही बिनकल्हईच्या पितळेत शिजवणं धोक्याचं आहे, आणि शहरात परत गेल्यावर कल्हईवाला सापडत नाही. पावती जीएसटीसह घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, त्यालाही पावतीच लागते.

एक गोष्ट मात्र घेऊच नका. पवनीच्या शेतांत, नदीच्या पात्रात जुनी नाणी सापडत आली आहेत. कोणी तरी बाजूला बोलावून रुमालातून काढून दाखवेल: सातवाहनांचं, शिशाचं, तांब्याचं. खोटं असेल तर पैसे गेले. खरं असेल तर त्याहून वाईट. जमिनीत सापडलेला ठेवा कळवण्याचं बंधन 1878 च्या कायद्याने आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंद आहे. अमेरिकेतल्या भाच्यासाठी नाणं न्यायचा मोह विमानतळावर फार महागात पडू शकतो. दाखवणाऱ्याला सांगा, गुरुजींना दाखव.

हीच पद्धत घेऊन तुम्ही बाहेर निघालात तर काय बदलतं, तेही सांगतो. आग्रा-जयपूरला गिऱ्हाईक खेचणाऱ्यांना लपके म्हणतात आणि ते स्मारकाच्या दारातच गाठतात. तिथे पर्यटन मंत्रालयाचा किंवा राज्याचा परवाना असलेला, गळ्यात ओळखपत्र असलेला गाइडच घ्या. ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवून बघा. 'सरकारी एम्पोरियम' हा शब्द ऐकला की पाटी नीट वाचा. सरकारी दुकान स्वतःला सरकारी म्हणवून घेण्यासाठी गाइडवर अवलंबून नसतं. गाडी ठरवतानाच लिहून घ्या, की दुकानात थांबायचं ते आम्ही सांगू तिथेच. दर थोडा जास्त पडेल, कारण गाडीवाल्याने कमिशन गृहीत धरून दर कमी लावलेला असतो. तो फरक भरून टाका. दुपारचे दोन तास आणि गालिच्यावर बसून प्यायलेल्या चहाचं ओझं वाचतं. काही अडलंच तर पर्यटकांसाठी 1363 ही हेल्पलाइन आहे.

पुन्हा भंडाऱ्याकडे. परत निघताना तांदूळ आणि मिरची घ्यायची असेल तर शेवटी घ्या. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. मूठभर दाणे तळहातावर चोळून वास घ्या. नवा तांदूळ हवा की जुना, ते विक्रेत्याला सांगा. नवा चिकट होतो, खिरीला छान. भातासाठी वर्षभर मुरलेला बरा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाला तर दुकानात जाऊच नका. भिवापुरी मिरची, तीही मानांकनवाली, नागपूरच्या वाटेवर भिवापूरला उन्हाळ्याच्या तोंडावर चांगली मिळते. देठ हिरवट नको, मिरची हातात घेऊन हलवली की बियांचा आवाज यायला हवा. आणि मिरचीचं पोतं डिकीत कोशाच्या साडीशेजारी ठेवू नका. साडी सुती कापडात गुंडाळून पुढच्या सीटवर, मांडीवर घ्या. मिरचीचा ठसका एकदा रेशमाला लागला की दोन-चार वेळा उन्हाविना हवेत टांगल्याशिवाय जात नाही.